भिंतीवरचे एक वाक्य

शिकागो शहरात १८८६ सालच्या मे महिन्याच्या ४ तारखेला सकाळी एक हस्तपत्रक छापले जात होते. आदल्या दिवशी मॅकॉर्मिक कारखान्याच्या दाराशी पोलिसांनी गोळीबार केला होता, कामगार मारले गेले होते, आणि त्याच्या निषेधासाठी संध्याकाळी हे-मार्केट चौकात सभा ठरली होती. पत्रक इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत होते, कारण त्या शहरातल्या कामगारांत जर्मन मोठ्या संख्येने होते. मजकूर साधा होता : सभा कुठे, किती वाजता, कशासाठी. पण ॲडॉल्फ फिशर या कार्यकर्त्याने त्यात एक ओळ जास्तीची घातली होती. कामगारांनी शस्त्रे घेऊन पूर्ण संख्येने यावे, अशा अर्थाची. ज्यांचे भाषण व्हायचे होते त्या ऑगस्ट स्पाइस यांच्या हाती पत्रक पडताच त्यांनी सांगितले की, ही ओळ राहणार असेल तर मी बोलणार नाही. ओळ काढली गेली. सुमारे वीस हजार प्रती निघाल्या, त्यांतल्या काही शे प्रतींत तेवढी ती राहून गेली. रात्री सभा संपत आलेली असताना कोणीतरी पोलिसांवर बाँब फेकला. फेकणारा कोण, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. पण खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली ती ओळ असलेलीच प्रत. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी जे चौघे फासावर गेले, त्यांत ओळ घालणारा फिशर होता आणि ओळ काढायला लावणारा स्पाइसही होता.

आपल्याकडे १ मे हा महाराष्ट्र दिनही असल्यामुळे त्या दिवसाचे कामगारांशी असलेले नाते ध्वजवंदनाच्या गर्दीत थोडे मागे पडते. हे-मार्केटची ही हकीगत इथे सांगितली ती दिनविशेष म्हणून नव्हे. कामगारांच्या बाजूने भिंतीवर लावायचा किंवा हाती द्यायचा कागद किती जोखमीने लिहावा लागतो, एवढेच त्यातून घ्यायचे आहे. आज मोबाइलवर पाच मिनिटांत भित्तिपत्रक तयार होते. वळलेली मूठ, मशाल, तुटणारी साखळी, मागे लाल रंग, हे सगळे आयते मिळते. अंगणवाडी सेविकांचे धरणे असो की कंत्राटी सफाई कामगारांचा मोर्चा असो, सहानुभूती असणारी तरुण मंडळी हौसेने असे चित्र करतात, शेकडो जणांना पाठवतात आणि तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्याच विस्मरणात जाते. त्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. पण हौस आणि उपयोग यांत जे अंतर पडते ते का पडते, याचा विचार व्हायला हवा असे मला वाटते. कारण ज्यांच्यासाठी हे पत्रक काढायचे, त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणणे लोकांपर्यंत पोचवण्याची दुसरी साधने फारशी उरलेली नाहीत.

भित्तिपत्रक कोणासाठी असते, हा पहिला प्रश्न. मालकासाठी ते नसते. त्याला मागण्यांचे निवेदन रीतसर पोचलेले असते. संपावर असलेल्या कामगारासाठीही ते मुख्यतः नसते. आपण का बसलो आहोत हे त्याला ठाऊक असते. ते असते तिसऱ्यासाठी. प्रत्येक तंट्यात हा तिसरा माणूस असतोच : बसथांब्यावर खोळंबलेला प्रवासी, दवाखान्यात नंबर लावून बसलेली बाई, काउंटरवरचा खातेदार. त्याचे तंट्याशी थेट देणेघेणे नसते, पण त्रास त्यालाच होत असतो. या माणसाचे मत कोणत्या बाजूला कलते, यावर बरेचसे अवलंबून असते आणि भित्तिपत्रकाला त्याच्याशी बोलण्यासाठी फार तर पाच-सात सेकंद मिळतात.

बँकेच्या नोकरीत मी संपाची आणि निदर्शनांची भित्तिपत्रके जवळून पाहिली आहेत. ‘द्विपक्षीय करार त्वरित करा’, ‘थकबाकी अदा करा’, ‘आउटसोर्सिंग बंद करा’ अशी ती असत. त्यांतली प्रत्येक मागणी रास्त होती, पण ती बोलत होती आपापसांत. द्विपक्षीय करार म्हणजे काय, हे बँकेच्या बाहेर कोणाला माहीत असणार? पेन्शन घ्यायला आलेले एखादे आजोबा चष्मा सारखा करून तो कागद अथपासून इतिपर्यंत वाचत आणि विचारत, “साहेब, म्हणजे पैसे सोमवारी मिळतील का?” एका तालुक्याच्या शाखेत मात्र मी वेगळा कागद पाहिला. तिथल्या दफ्तरीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर निळ्या शाईने लिहिला होता. आम्ही सात जण आहोत, या शाखेत अकरा हजार खाती आहेत, म्हणून तुमची रांग लांब आहे, एवढाच मजकूर. खाली ‘नोकरभरती करा’. लोक तो कागद वाचत, मागे वळून रांगेकडे पाहत आणि काउंटरवरच्या माणसाशी जरा बऱ्या आवाजात बोलत. त्या दफ्तरीने चित्रकलेचे किंवा जाहिरातीचे शिक्षण घेतलेले नव्हते. वाचणारा कुठे उभा आहे आणि त्याला कशाचा त्रास होतो आहे, एवढे त्याने पाहिले होते.

मागणी साध्या भाषेत मांडण्याची परंपरा आपल्याकडे नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सरकारी आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या कोणत्या? रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई मिळावी. एकशे चाळीस वर्षे होऊन गेली, पण यांतले एकही वाक्य आज समजावून सांगावे लागत नाही. अडीच शब्दांत सांगता येईल अशी मागणी आणि तिच्या पोटात एक अख्खे आयुष्य. सत्यशोधक चळवळीत तयार झालेल्या आणि ‘दीनबंधू’ चालवणाऱ्या लोखंड्यांना, आपण कोणाशी बोलतो आहोत याचा कधी विसर पडला नसावा. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या रेसकोर्सवर भरलेल्या सभेला दहा हजार कामगार आले होते आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली होती. त्याच वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. वाचक ही पुरवणी आज सकाळी चहाबरोबर निवांत उघडू शकतो, त्यामागे ही साडेपाच हजार सह्यांची गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न : मजकूर कोणी ठरवायचा? सहानुभूती असणाऱ्या सुशिक्षित माणसाने, की ज्याचे पोट त्यावर आहे त्याने? पॅरिसमध्ये १९६८ च्या मे महिन्यात विद्यार्थी आणि कामगार एकाच वेळी रस्त्यावर आले, तेव्हा तिथल्या कलाशाळेचा ताबा घेऊन विद्यार्थ्यांनी आणि चित्रकारांनी भित्तिपत्रकांची कार्यशाळा उघडली. ‘लोकांची कार्यशाळा’ असेच तिचे नाव होते. पहिले पत्रक त्यांनी शिळाछापाने काढले; पण प्रती हळूहळू निघत, म्हणून ते स्क्रीन प्रिंटिंगकडे वळले. आपल्याकडे गावोगाव लग्नपत्रिका ज्या पद्धतीने छापल्या जात, तीच ही पद्धत : लाकडी चौकट, ताणलेले कापड, रबराची पट्टी आणि एक रंग. संपावर असलेल्या कारखान्यांतले कामगार तिथे येत, आपल्याला काय म्हणायचे आहे ते सांगत. आलेले प्रत्येक चित्र रोजच्या सभेपुढे ठेवले जाई आणि दोनच प्रश्न विचारले जात. यातला विचार बरोबर आहे का? आणि हे चित्र तो विचार नीट पोचवते का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर छपाई, नाही तर चित्र बाजूला. कोणत्याही पत्रकावर चित्रकाराची सही नसे. ज्यांनी आयुष्यभर सहीच्या जोरावर चित्रे विकायची, त्यांनी सही सोडून देणे ही लहान गोष्ट नव्हे. ही पत्रके दिवाणखान्यांच्या शोभेसाठी वापरू नका, असेही त्या मंडळींनी बजावून ठेवले होते. पुढे ती संग्रहालयांत गेलीच, पण तो त्यांचा दोष नाही.

पोलंडमधली गोष्ट याच्याही पुढची आहे. ग्दान्स्क शहरातल्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात अॅना वालेंतिनोविच ही क्रेन चालवणारी बाई होती. निवृत्तीला जेमतेम पाच महिने उरले असताना, ऑगस्ट १९८० मध्ये तिला कामावरून काढले. ती परत यावी म्हणून १४ ऑगस्टला संप सुरू झाला. चार दिवसांनी दोघा तरुणांनी प्लायवुडच्या दोन फळ्यांवर संपकऱ्यांच्या एकवीस मागण्या हाताने रंगवून त्या कारखान्याच्या दुसऱ्या नंबरच्या फाटकावर टांगल्या. चित्र नाही, मूठ नाही, मशाल नाही. नुसत्या ओळी आणि आकडे. पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची, दुसरी संपाच्या हक्काची. एकविसावी, म्हणजे शेवटची, शनिवारच्या सुट्टीची. (बँकेतल्या माणसाचे लक्ष तिकडे आधी जाणार, हे वाचकांनी समजून घ्यावे. आमच्या क्षेत्रात दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळायला २०१५ साल उजाडावे लागले.) फाटकाबाहेर रोज जमणारी शहरातली माणसे त्या फळ्या वाचत, कागदावर उतरवून घेत. आत काय चालले आहे याविषयी सरकारी वर्तमानपत्रे काहीही सांगोत, फाटकावर लिहिलेले खोटे पाडता येत नव्हते. ३१ ऑगस्टला सरकारने करारावर सही केली. २००३ साली युनेस्कोने त्या दोन फळ्यांची नोंद जगाच्या स्मृतिठेव्यात केली.

त्याच संपात येर्झी यानिशेव्स्की या तरुण चित्रकाराने ‘सॉलिडार्नोश्च’ हा शब्द लाल रंगात, ब्रशने लिहावा तसा लिहिला. ‘सॉलिडार्नोश्च’ म्हणजे एकजूट. त्यातली अक्षरे सरळ रेषेत उभी नाहीत. गर्दीत माणसे एकमेकांना टेकून उभी राहतात तशी ती एकमेकांना रेलून आहेत आणि एका अक्षरातून झेंडा वर निघाला आहे. त्याने फाटकाशी जे पाहिले तेच अक्षरांत उतरवले. मदत करणाऱ्या कलावंताचे काम किती आणि कुठपर्यंत, याचे उत्तर मला या दोन गोष्टींत मिळते. वाक्य त्यांचे असावे. ते वाक्य दुरून दिसेल, लक्षात राहील अशी व्यवस्था कलावंताने करावी.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. कधी कधी मागणी पगाराची किंवा सुट्टीची नसतेच. समोरचा आपल्याला कोण समजतो, याबद्दलच तंटा असतो. अमेरिकेतल्या मेंफिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागच्या बाजूला बसले होते. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. जवळजवळ सगळेच कृष्णवर्णीय होते. त्यांच्या मागण्या संघटनेला मान्यता, पगारवाढ आणि सुरक्षितता या होत्या. पण मार्चमध्ये ते रस्त्याने ओळीने चालले तेव्हा त्यांच्या हातांतल्या फलकांवर त्यांतली एकही मागणी नव्हती. सगळ्यांच्या फलकांवर एकच वाक्य होते : मी माणूस आहे. मूळ इंग्रजीत चारच शब्द, त्यांतल्या ‘आहे’खाली रेघ ओढलेली.

या वाक्याची धार कळायला एक गोष्ट माहीत असावी लागते. तिथे गोरे लोक पन्नाशीच्या कृष्णवर्णीय माणसालाही ‘बॉय’ म्हणूनच हाक मारत. ‘मॅन’ हे त्या ‘बॉय’ला दिलेले उत्तर होते. संपाला पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली. १६ एप्रिलला महापालिकेने संघटनेला मान्यता देऊन पगारवाढ कबूल केली. त्यासाठी जी किंमत मोजावी लागली ती कोणत्याही मागणीपत्रात लिहिलेली नव्हती.

आता जरा आपल्या इमारतीच्या लिफ्टपाशी येऊ. मुंबई-पुण्याच्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांत तिथे एक छापील सूचना चिकटवलेली असते : ‘डिलिव्हरी बॉय व कामवाल्या बायकांनी ही लिफ्ट वापरू नये.’ ही सूचनाही एक भित्तिपत्रकच आहे. तिच्यात मोठ्या टायपात, सोप्या भाषेत, नेमक्या जागी, एका माणसाला त्याची पायरी सांगितलेली आहे. तो ‘बॉय’ पुष्कळदा चाळिशीचा असतो. त्याची मुलगी दहावीत असते. पाठीवरची पेटी घेऊन तो आठ मजले चढून येतो तेव्हा आपण दार उघडतो, पिशवी घेतो आणि मोबाइलवर त्याला किती तारे द्यायचे ते ठरवतो.

ज्या कंपन्यांसाठी तो धावतो त्या मात्र त्याला ‘बॉय’ म्हणत नाहीत. त्यांच्या कागदोपत्री तो ‘पार्टनर’ असतो, म्हणजे भागीदार. हा शब्द वाचला की माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. भागीदारीच्या धंद्याला कर्ज द्यायचे झाले की आम्ही आधी भागीदारीचा करारनामा मागवत असू आणि त्यात पहिल्यांदा एक गोष्ट शोधत असू : नफ्यात कोणाचा वाटा किती? १९३२ च्या भागीदारी कायद्याची व्याख्याच नफा वाटून घेण्याच्या करारावर उभी आहे. या भागीदाराला नफ्यात वाटा नाही, हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क नाही, दर ठरवण्यात मत नाही. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, पावसात घसरून पडला तर गुडघाही त्याचाच. इमारतीच्या लेखी बॉय आणि कंपनीच्या लेखी पार्टनर. ‘कामगार’ हा शब्द या दोघांच्या मध्ये कुठेतरी हरवून गेला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आली आणि २०२३ साली राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा त्या अहवालाचा अंदाज आहे. एवढ्या लोकांना अजून स्वतःचे धड नावही मिळालेले नाही.

नाव मिळणे ही काय मोठी गोष्ट, असे कोणी म्हणेल. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली संघटना केली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. हे नाव मला नेहमीच एक उत्तम भित्तिपत्रक वाटत आले आहे. लोक ज्याला कचरा म्हणतात त्यात काय काय असते, हे पहिल्या तीन शब्दांत आहे. ते वेचणारी बाई कोण, हे चौथ्यात आहे. आणि ती एकटी नाही, हे पाचव्यात. ‘मोलकरीण’ मागे पडून ‘घरकामगार’ हा शब्द कायद्याच्या भाषेत आला तोही आपोआप नव्हे. त्यामागे बायकांच्या संघटनांची कित्येक वर्षांची पायपीट आहे.

इथे मुंबईच्या भिंतींविषयी बोलायला हवे. गिरणगावात गिरण्यांच्या लांबच लांब कुंपणभिंती होत्या, फाटके होती, आणि पाळी सुटली की एका वेळी हजारो माणसे त्यांतून बाहेर पडत. गेटसभा तिथेच व्हायच्या. खळीची बादली आणि कागदाची गुंडाळी घेऊन रात्री दोघे-तिघे निघाले की सकाळच्या पाळीपर्यंत वस्ती बोलू लागे. नाक्यावरचा काळा फळा हे तर सगळ्यांत स्वस्त भित्तिपत्रक. एक खडू पुरे. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्यासारखे शाहीर होते; भित्तिपत्रकाचे काम तिथे डफ करी. चित्तप्रसाद हे बंगाली चित्रकार १९४६ मध्ये मुंबईत येऊन अंधेरीत राहिले आणि लिनोलियमच्या तुकड्यांवर कामगारांची, कष्टाला जुंपलेल्या मुलांची चित्रे कोरत राहिले. तंत्र स्वस्त, रंग एक, प्रती हव्या तितक्या. त्यांच्या चित्रांतली माणसे हाल सोसताना दिसतात, पण बघणाऱ्यापुढे हात पसरताना दिसत नाहीत.

भित्तिपत्रकांनी संप जिंकता येतो असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. भिंती रंगल्या, मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि जिंकलाही गेला नाही. आज त्या जागांवर मनोरे आहेत, मॉल आहेत. गिरण्यांबरोबर ती फाटके गेली आणि भिंतीही गेल्या. उरलेल्या भिंती १९९५ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्याने बंद केल्या. त्या कायद्याचा हेतू चांगला आहे. शहर स्वच्छ दिसावे हे कोणाला नको आहे? पण व्यवहारात असे झाले की, ज्याच्यापाशी पैसे आहेत त्याला फलकांची जागा भाड्याने मिळते आणि वाढदिवसांच्या फ्लेक्सना चौक मोकळे मिळतात. ज्याच्यापाशी खळीची बादली आहे त्याच्यावर मात्र गुन्हा दाखल होतो. आणि घरपोच माल पोचवणाऱ्या कामगाराला तर फाटकच नाही. त्याचा मालक मोबाइलमध्ये राहतो. त्याच्यापाशी एकच फिरता फलक आहे, तो म्हणजे पाठीवरची पेटी, आणि तिच्यावर कंपनीची जाहिरात आहे.

मग या माणसासाठी भित्तिपत्रक करायचे तर कसे करावे? कलाशाळांतल्या मुलांनी आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांनी विचार करावा म्हणून काही गोष्टी मांडतो.

आधी त्यांच्यापाशी जाऊन बसावे. हॉटेलांच्या बाहेर, पुलाखाली, ऑर्डरची वाट पाहत ते घोळक्याने उभे असतात. काय हवे, असे विचारले तर भाषणातली उत्तरे येतील. काल काय झाले, असे विचारले तर वाक्य मिळेल. ‘आठ मजले चढलो, उशीर झाला, पैसे कापले’ हे मी वर्णन केलेल्या दफ्तरीच्या जातीचे वाक्य आहे. त्यात मागणी आहे, कारण आहे आणि वाचणाऱ्याचा स्वतःचा जिनाही आहे.

शब्द निवडताना कान आणि डोळा दोन्ही वापरावेत. आपल्या शहरांतला कामगार आज मराठवाड्यातला आहे, बिहारचा आहे, उत्तर प्रदेशातलाही आहे. शिकागोच्या पत्रकाला दोन भाषा लागल्या. आपल्याला सुदैवाने मराठी-हिंदीला एकच लिपी आहे आणि ‘पगार’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द दोन्हीकडे चालतो. जोडाक्षरे दुरून वाचता येत नाहीत, काना-मात्रा पावसात धुऊन जातात. ‘किमान वेतन अधिनियमाची अंमलबजावणी’ हे रस्त्याच्या पलीकडून काळ्या डागांसारखे दिसते. ‘पगार वेळेवर’ हे दिसते आणि कळतेही.

चित्र दयेचे नसावे. सुकलेला चेहरा, कवटाळलेले मूल, आकाशाकडे लागलेले डोळे पाहून वाचणारा हळहळतो आणि पुढे जातो, कारण हळहळणे हेच आपले काम होते असे त्याला वाटते. त्यापेक्षा त्याच्या रोजच्या ओळखीची वस्तू असावी : पेटी, हेल्मेट, पाच ताऱ्यांची ती ओळ. वस्तू ओळखीची आणि तिच्याकडे पाहण्याची बाजू नवी, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. रंग एक किंवा दोनच असावेत. खर्च वाचतो आणि प्रती वाढतात.

आणि छापण्याआधी प्रत्येक ओळ परक्याच्या नजरेने वाचून पाहावी. मालकाचा वकील ही कशी वाचेल? पोलीस ठाण्यात ती कशी वाचली जाईल? आकडा दिला असेल तर तो सिद्ध करता येईल ना? बँकेत आम्ही कागद असेच वाचत असू. त्याची सवय लागली की माणूस जरा नीरस होतो हे खरे, पण दुसऱ्याची नोकरी पणाला लावताना नीरस असलेले बरे. भित्तिपत्रक करणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो. परिणाम भोगायला त्यावर ज्याचा चेहरा असतो तो राहतो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजादेखील संपाच्या व्याख्येत घातलेली आहे. अशा काळात ‘उद्या सगळे रजेवर’ असे तीन शब्द हौसेने कोणाच्या नावावर छापणाऱ्याने ती संहिता आधी वाचलेली असावी.

राहिला जागेचा प्रश्न. शहराच्या भिंती बंद झाल्या असतील, पण प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वारापाशी एक सूचनाफलक असतो. पाणी कधी येणार, देखभालखर्च कोणी थकवला, गणपतीची वर्गणी किती, हे तिथे लागते. तो फलक आपला, म्हणजे सभासदांचा आहे. तिथे काही लावायला कोणाचा परवाना लागत नाही, समितीचा एक ठराव पुरतो. लिफ्टजवळची ती जुनी सूचना काढावी आणि तिच्या जागी एक नवा कागद लावावा : वर येणाऱ्या प्रत्येकाने ही लिफ्ट वापरावी, तळमजल्यावर पिण्याचे पाणी ठेवले आहे, पावसात दहा मिनिटे उशीर झाला तर आमची तक्रार नाही. खाली समितीच्या सचिवांची सही असावी. पाठिंब्याचे एवढे साधे भित्तिपत्रक करायला चित्रकारही लागणार नाही.

संस्थांच्या सभा बहुधा रविवारीच असतात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घालता येईल. त्याला विरोध होईल, लिफ्टच्या विजेच्या बिलाचा मुद्दा निघेल, कोणीतरी सुरक्षिततेचा प्रश्न काढील. तो सगळा वाद होऊ द्यावा. त्या वादात कोणीतरी त्या माणसाला बॉय म्हणेल, कोणीतरी पार्टनर म्हणेल, आणि सभेत एक जण तरी उठून त्याला कामगार म्हणेल, अशी आशा करायला हरकत नाही.